अक्काची अडतीस पत्रकं

१६ नोव्हेंबर १९६४, सोमवार. सांगली

दिवाळीची सुट्टी संपली. ट्रेनिंग कॉलेज उघडलं. यंदा दुखवटा म्हणून घरी काही केलं नाही. भाऊबीजेला शेजारच्या काकू म्हणाल्या, मी ओवाळते. नको म्हटलं.

कपाट उघडलं. वर्तन-पत्रकांचे गठ्ठे सुट्टीआधी ठेवले तसेच होते. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांचे. वरून तिसरा अक्काचा. तिसरीचा वर्ग, अडतीस मुलं. सप्टेंबरात तिनं स्वतः आणून दिला होता, कडेगावाहून एस.टी.नं, मांडीवर घेऊन. "टपालात चुरगळली असती," म्हणाली. ऑक्टोबरात गेली. आठ दिवसांचा ताप.

सुतळीची गाठ तिची आहे. आज सोडली नाही.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

प्राचार्यांनी बोलावलं. पुण्याच्या संशोधन समितीचं पत्र आलंय, दुसरी फेरी सुरू करा.

शाळाशाळांना पाठवायची सूचना लिहून काढली. मूळ विधानं परदेशातली, चोवीस, मराठीत आणलेली. मूल वर्गात कसं वागतं ते शिक्षकानं प्रत्येक विधानापुढं खूण करून सांगायचं: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुधा, नेहमी. तिकडची मोजपट्टी इकडच्या पोरांना लागू पडते का, हे बघायचं. म्हणून त्याच शिक्षकानं तीच पत्रकं दोन महिन्यांनी पुन्हा भरायची. वर्ग ओळखणाऱ्या दुसऱ्या शिक्षकानंही एकदा भरायची. मग ताडून बघायचं.

प्राचार्य म्हणाले, "दुसरी फेरी नसेल तो वर्ग बाद. तुमच्या भगिनींचा वर्ग..." टाक पुसत बसले.

"बघतो," म्हटलं. काय बघणार?

१९ नोव्हेंबर, गुरुवार

गाठ सोडली.

विधान सात: 'शिक्षकांशी बोलताना नजर खाली ठेवतो.' तिकडच्या हिशेबात हा दोष, मूल बुजरं. आमच्या सगळ्या शाळांनी आपल्या सर्वांत चांगल्या पोरांपुढं 'नेहमी'वर ठसठशीत खूण केलीय. अभिमानानं. बेरीज केली की गुणी पोरंच सगळ्यांत बिघडलेली निघतात. कोणी एका अक्षरानं हरकत घेतली नाही. पत्रक शाळा तपासणाऱ्या दिपोटी साहेबांकडे जाणार या भीतीनं बहुतेकांनी भरलंय.

अक्कानं समासात लिहिलंय, लाल पेन्सिलीनं: "ही खोड नव्हे, वळण आहे. घरात हेच शिकवतात." समासात काही लिहू नये अशी सूचना पहिल्याच पानावर छापलीय. तिनं अडतीस पत्रकांवर लिहिलंय.

विधान बारा: 'उत्तर येत असूनही हात वर करत नाही.' दत्तूपुढं 'नेहमी'. समासात: "याचा चुलता याच वर्गात आहे. वयानं तीन महिन्यांनी लहान. पण चुलत्याच्या आधी बोलणं बरं दिसत नाही म्हणतो. चुलत्याला काही येत नाही. सबब दोघेही गप्प."

मोठ्यानं हसलो. मालती स्वयंपाकघरातून बघायला आली. महिन्यात पहिल्यांदा हसलो असेन. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अक्कांचाच आवाज."

२२ नोव्हेंबर, रविवार

दुपारी जेवण झाल्यावर कोरी पत्रकं घेऊन बसलो. खुणाच तर आहेत. खुणेला अक्षर नसतं. तिला मी जितका ओळखतो तितकं कोणी ओळखत नाही. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. अकरा वर्षांनी मोठी. ही पोरं ती कशी जोखेल ते मला ठाऊक आहे.

अकरा भरली. मग टाक खाली ठेवला.

मी स्वतः तिच्या वर्गात होतो, तिसरीलाच. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. जिल्हा तेव्हा साताराच. घरी अक्का, शाळेत बाई. एकदा गणित येईना तेव्हा तोंडून "अक्का" निघालं. सगळा वर्ग हसला. तिनं मला उभं केलं, मधल्या सुट्टीपर्यंत. घरी गेल्यावर शेंगदाण्याचा लाडू दिला आणि म्हणाली, "तिथं तू एकटाच माझा भाऊ झालास, तर बाकीच्यांनी काय करायचं?"

माझं पत्रक तिनं कसं भरलं असतं? विधान बारा, नेहमी. माझा कोणी चुलता नव्हता. मी नुसताच बोलत नसे.

२३ नोव्हेंबर, सोमवार

कालची अकरा तिच्या पहिल्या फेरीशी ताडली. एकूण एक खूण जुळली. एकही इकडची तिकडं नाही.

असं होत नाही. एक माणूस दोन महिन्यांनी तेच मूल पुन्हा इतकं सारखं बघत नाही. ती तर नाहीच. जूनमध्ये ज्याला "हा माझा जीव घेणार" म्हणायची, त्यालाच दिवाळीपर्यंत "किती गुणाचा आहे" म्हणायची.

मी तिची नक्कल केली. तिचं मत नव्हे, तिचा कागद पाठ केला होता. अकरा पत्रकं फाडली.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

टपालानं मोहिते गुरुजींची पत्रकं आली. अक्काच्या जागी लावलेला तरुण शिक्षक, तिच्याच शाळेवर दोन वर्षं आहे. दुसरा शिक्षक म्हणून त्यानं तिच्याच वर्गाची भरली.

बहुतेक जुळतात. विधान पंधरा जुळत नाही. 'इतर मुलांपासून दूर राहतो.' पाच मुलांपुढं अक्काची खूण 'कधीच नाही'. त्याच पाच मुलांपुढं मोहित्यांची 'नेहमी'. पाचही बौद्धवाड्यातली.

प्राचार्य म्हणाले, "एकाची चूक असणार."

कोणाची? उद्या रजा टाकतो.

२६ नोव्हेंबर, गुरुवार. वाडी

विट्याला गाडी बदलून कडेगाव, पुढं दोन मैल चालत. दोन्ही बाजूंनी ऊस. या वाटेनं अक्का अठरा वर्षं चालली.

शाळेच्या दारातच एक म्हातारबा भेटले. धोतर, टोपी, हातात काठी. माझी पिशवी बघून म्हणाले, "दिपोटी का वो तुमी?"

"नाही. बाईंचा भाऊ."

"आरं तिच्या! बाईंचं भाऊ व्हय." टोपी काढली. "लय वाईट झालं बगा. माझी तीन पोरं, सात नातवंडं त्यांनीच शिकिवली. येकाला बी धड आलं न्हाई, पर शिकिवली." मग डोळे पुसले.

वर्गात मागं बसलो. तिचीच खुर्ची, तिचाच फळा. पाच मुलं भिंतीकडेला, वेगळ्या तरटावर. मोहिते मनापासून शिकवतो. आवाज चांगला आहे. मुलं त्याला भीत नाहीत.

मधल्या सुट्टीत विचारलं. तो म्हणाला, "सर, मी कोणाला उठवलं नाही. ज्याला जिथं बसायचं तिथं बसा म्हटलं. लोकशाही आहे. ती आपणहून तिकडं गेली."

"आधी कशी बसत?"

"बाई हजेरीपटाच्या क्रमानं बसवायच्या. दर महिन्याला ओळ बदलायच्या. गावातून तक्रार आली होती म्हणे, तेव्हा त्यांनी सांगितलं, दिपोटींचा हुकूम आहे. मी चार्ज घेतला तेव्हा सगळी फाईल बघितली. हुकूम कुठंच नाही. मग बंद केलं."

तेव्हा लक्षात आलं. हुकूम नव्हताच. अठरा वर्षं ती कोणाचाही नसलेला हुकूम चालवत होती.

अक्का खोटं बोलत नसे. असं मी काल कोणालाही सांगितलं असतं.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार. वाडी

रात्र मोहित्यांच्या खोलीवर काढली. सकाळी पाचांतल्या सुमनचे वडील, शंकरराव, आपणहून आले. पलटणीतून पेन्शनीवर आलेले. ताठ उभे राहिले, बसा म्हटल्यावर बसले.

"बाई व्हत्या तवा पोरगी दुसऱ्या वळीत बसायची. आता घरी येऊन म्हंती, फळ्यावरचं दिसत न्हाई. मी म्हनलं, येवढ्या वयात चष्मा लागला का काय हिला! मग शाळंत येऊन बगितलं. चष्मा न्हाई, भिंत लागलीया."

मोहिते खाली बघत होता.

"तुमच्या त्या कागदात काय लिवलंय तिचं?" मला विचारलं.

पालकांना सांगायचं नसतं. सांगितलं. एकानं लिहिलंय दूर राहत नाही, एकानं लिहिलंय नेहमी दूर राहते.

"ती दूर ऱ्हाती का तिला दूर बशिवलीया, ह्याचा रकाना हाय का त्यात?"

"नाही."

"मग कागद अर्दाच की वो."

उठताना म्हणाले, "बाईंनी भरलेला कागद म्होरं जानार न्हवं? तेवढा जाऊ द्या. पोरगी कशी व्हती ते कुनाच्या तरी दप्तरात ऱ्हाऊ द्या."

जाईल की नाही, मला माहीत नव्हतं. तसं त्यांना सांगितलं नाही.

निघताना शाळेपुढं दोन-तीन मंडळी बसलेली, कालचे म्हातारबाही. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "मास्तर म्हंत्यात, पोरं मिसळून बसवायचा हुकूम निगाला न्हाई. तुमी सांगलीत आसता. व्हता का न्हवता?"

मोहिते शेजारीच उभा होता.

"होता," म्हटलं.

"मग? मी म्हनलं न्हवतं?" म्हातारबा काठी आपटत म्हणाले. "बाई कशाला खोटं बोलतील रं गड्या!"

एस.टी.त विट्यापर्यंत एकच विचार. कागदावर खोट्या खुणा नकोत म्हणून अकरा पत्रकं फाडली, आणि चार माणसांत तोंडानं बोलून आलो. याचं काय करायचं?

३० नोव्हेंबर, सोमवार. सांगली

प्राचार्यांना सगळं सांगितलं, शेवटचं सोडून. ते म्हणाले, "खुणाच आहेत हो. तुम्ही भरल्या काय, त्यांनी भरल्या काय. पुण्याला कुठं कळतंय? वर्ग तरी वाचेल."

"भरून बघितलं. जमलं नाही."

प्राचार्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "मग तुम्हीच पत्र लिहा पुण्याला. सही मी करतो. पण समासातल्या मजकुराची जबाबदारी माझी नाही."

३ डिसेंबर, गुरुवार

पत्र चार वेळा लिहिलं. मला लिहायची सवय नाही. गणित शिकवतो.

शेवटी एवढंच: दुसरी फेरी शक्य नाही, शिक्षिका वारल्या. तरी वर्ग बाद करू नये अशी विनंती. विधान पंधरावर दोन शिक्षकांची उत्तरं उलटी आहेत. दोन्ही खरी आहेत. पहिल्या शिक्षिकेच्या वर्गात मुलं मिसळून बसत, दुसऱ्याच्या वर्गात वेगळी. मूल तेच. म्हणजे या विधानानं मुलाचं वागणं मोजलं जात नाही, बसण्याची व्यवस्था मोजली जाते. विधान सात आणि बाराचंही असंच काही आहे. समास पाहावेत.

'शिक्षिका वारल्या' लिहिताना शाई पसरली. तो कागद बदलला.

५ डिसेंबर, शनिवार

गठ्ठा मालतीनं जुन्या लुगड्याच्या कापडात शिवून दिला, टपालात चुरगळू नये म्हणून. लुगडं अक्काचं. बारीक चौकड्यांचं, इरकली काठाचं. शाळेत नेसायची.

पोस्टात पावती घेतली.

१४ डिसेंबर, सोमवार

पुण्याहून कार्ड. गठ्ठा मिळाला. समितीपुढं ठेवू. नियमात बसत नाही, पण काही सदस्यांनी समास वाचले आहेत. निर्णय कधी, ते लिहिलेलं नाही.

पूर्वी असं काही कार्ड आलं की मी रविवारी कडेगावची गाडी पकडायचो. ती ओट्यावर डाळ निवडत बसलेली असायची. कार्ड हातात घ्यायची नाही. "तूच वाच," म्हणायची, आणि मधेच तोडून, "म्हणजे हो का नाही?" तिला हो किंवा नाही लागायचं. पाच रकान्यांचं पत्रक तिनं भरलं तरी कसं, आश्चर्य आहे.

२१ डिसेंबर, सोमवार

मोहित्यांचं कार्ड. बारीक अक्षरात, पत्त्याच्या बाजूपर्यंत लिहिलेलं.

१ तारखेपासून हजेरीपटाच्या क्रमानं बसवायला सुरुवात केली. दोन घरांनी आठ दिवस पोरं पाठवली नाहीत. एक परत आलं, एक अजून नाही. "हुकमाची प्रत असेल तर पाठवावी, फाईलला लावतो. नसल्यास तसं कळवावं, मी माझ्या अंगावर घेतो."

खाली: "सुमन दुसऱ्या ओळीत आहे. तिचे वडील रोज विचारतात, बाईंचा कागद धरला का. मी काय सांगू?"

दुपारी पोस्टातून कार्ड आणलं. संध्याकाळी टेबलाशी बसलो. मोहिते गुरुजी, जीवन शिक्षण मंदिर, मु. पो., तालुका, जिल्हा. पत्ता पुरा लिहून झाला. कार्ड उलटं केलं. तारीख घातली. 'स. न. वि. वि.' लिहिलं.

मालती जेवायला हाक मारतेय.