रविवारच्या आत तारण

२ फेब्रुवारी, रविवार
आमचा अध्यक्ष थूरल्फ थकला. मुलीकडे बेर्गनला राहायला जाणार. प्रार्थनाघराला नवा अध्यक्ष हवा. तो हे बोलला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. निदान खिडकीकडे तरी पाहिलं, आणि खिडकीपाशी मी होतो.

पद माझंच आहे. शेगडी मी पेटवतो. दार मी रंगवलं. कॉफी मी करतो, आणि ती फुळकवणी नसते.

एक किरकोळ बाब. नव्या अध्यक्षाने पुढे उभं राहून साक्ष द्यायची असते, की आपलं तारण कधी आणि कुठे झालं. थूरल्फचं झालं होडीत, वादळात. आर्नफिनचं धक्क्यामागच्या चिखलात, नशेत. माझं राहून गेलं.

राहून गेलं म्हणजे, मी कायम इथेच आहे. भाविक घरात जन्मलो. कुणी विचारलं नाही, मी विषय काढला नाही. कुणाला संशय नाही. माझ्या बायकोला, बोर्गहिल्डलाही नाही.

उद्यापासून सभांचा आठवडा. बाहेरून उपदेशक येतोय. पुढच्या रविवारी निवड. म्हणजे सोय आयती आहे. रविवारच्या आत तारण उरकून घ्यायचं. गाजावाजा न करता.

३ फेब्रुवारी, सोमवार
संकल्प: पहाटे उठून प्रार्थना. उठलो. खोली गार. गारठ्यात मन एकाग्र होत नाही, म्हणून शेगडी पेटवली. पेटलीच आहे तर कॉफी ठेवली. कॉफी आहे तर पाव खाल्ला. मग रेडिओवर हवामान लागलं. ते मध्येच बंद करणं बरं दिसत नाही.

उद्यापासून नक्की.

उपदेशक फेरीबोटीने आला. नाव हालवर. काटकुळा, तरुण. आमच्याकडेच उतरलाय. संध्याकाळी म्हणाला, तारण ही सुरुवात आहे. ती झाली नाही तर बाकी सगळं म्हणजे अंगणात येरझाऱ्या. घरात यायचं तर दारातूनच यावं लागतं.

हे जरा जास्त झालं. ज्याने ते दार रंगवलं, त्याचा काही विचार?

४ फेब्रुवारी, मंगळवार
पहाट हुकली. पण अडचण नेमकी कुठे आहे ते सापडलं. माझ्याकडे ‘आधी’ नाही.

आर्नफिनची साक्ष चालते ती ‘आधी’मुळे. दारू, मारामारी, बायकोचं शिवणयंत्र विकलं. दरवर्षी सांगतो, दरवर्षी बायका शिवणयंत्रापाशी डोळे पुसतात. मी उभा राहिलो तर काय सांगू? आधीही कॉफी करायचो, नंतरही करतो?

निर्णय: एक पाप. छोटं, पण सांगण्याजोगं.

गावातल्या दुकानात बिअर मिळत नाही. फेरीने पलीकडे गेलो, एक बाटली आणली. होडीघराच्या मागे उभा राहून प्यालो. बर्फाळ पाऊस. चव भिजलेल्या पावासारखी. अर्ध्यावर आर्नफिन आला.

मला वाटलं, आता बोभाटा होणार. तो म्हणाला, काय रे सिगवाल, पोट बिघडलंय का? मी म्हणालो, पितोय. तो म्हणाला, दिसतंय, पण हे तुला नाही जमायचं बाबा, याला लहानपणापासून मेहनत लागते. उरलेली बाटली घेऊन समुद्रात ओतली आणि मला घरापर्यंत सोडलं. वाटेत घसरू नये म्हणून हात धरला होता.

कुणाला सांगणार नाही म्हणाला. म्हणजे पापही फुकट गेलं.

५ फेब्रुवारी, बुधवार
वादळ. फेरी बंद. सभा झालीच.

जेवताना हालवरला सहज विचारलं, दुसऱ्या कुणाच्या तरी वतीने, की समजा तारण हवं असेल तर माणसाने नक्की करायचं काय? म्हणाला, काही नाही, मिळतंय ते घ्यायचं. मी म्हणालो, काहीच न करता घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. तो हसला. म्हणाला, तीच तर पंचाईत आहे. मग म्हणाला, सिगवाल, त्या दुसऱ्याला एकदा माझ्याकडे पाठव.

मी लाकडं आणायला गेलो. लाकडं भरपूर होती, पण ऐन वेळी कमी पडू नयेत.

पोराला व्यवहाराचा अनुभव नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
काल प्रार्थनेला बसलो नाही, कारण प्रार्थनाघराचं धुराडं तुंबलं होतं. आज बसलो नाही, कारण ते काल साफ केल्यामुळे पाठ धरली. देवाला हे समजत असणार. धुराडं त्याचंच आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार
शेवटची सभा. प्लॅन पक्का होता. शेवटी हालवर म्हणतो, सगळ्यांनी माना खाली घाला, डोळे मिटा, ज्याला तारण हवंय त्याने हात वर करा. म्हणजे कुणी पाहणार नाही. हालवर पाहील, पण तो सोमवारी जाणार.

मी मागच्या बाकाजवळ उभा होतो. हात वर केला.

थूरल्फ कधीच डोळे मिटत नाही. आणि कॉफी उकळली की मी मागून हात वर करतो, ही आमची जुनी खूण. तो मोठ्याने म्हणाला, आमेन, कॉफी झाली. सगळे उठले. हालवर तोंड उघडं ठेवून उभा. कॉफी झालेली नव्हती. पळत जाऊन ठेवावी लागली.

रात्री विचार केला. हात तर वर झाला होता. तारण झालं असं धरायला हरकत नसावी.

९ फेब्रुवारी, रविवार
साक्ष दिली. म्हणालो, माझं तारण झालेलं आहे. थूरल्फने विचारलं, कधी? मी म्हणालो, काल.

मग बोर्गहिल्ड रडू लागली. मग तिच्या विणकाम मंडळाच्या सगळ्या बायका. मला वाटलं, शिवणयंत्राशिवायही जमतं. तेवढ्यात त्यांच्यातली म्हातारी गुडवेग म्हणाली, प्रभूची स्तुती असो, ऐकलं एकदाचं. दर मंगळवारी मोजे विणताना त्या माझ्या तारणासाठी प्रार्थना करतात. आमचं लग्न झाल्यापासून.

आर्नफिनने मिठी मारली. मी कानात विचारलं, तुलाही माहीत होतं? म्हणाला, गावाला माहीत आहे. मी म्हणालो, मग इतकी वर्षं मला सगळं करू का दिलंत? म्हणाला, अरे, तू ऐकतोस होय कुणाचं?

बोर्गहिल्ड जवळ आली. हळूच विचारलं, खरंच झालं का रे?

हो म्हणणार होतो. तिचा चेहरा पाहिला. म्हणालो, हात वर झाला होता.

तिचं रडणं थांबलं. ते रडण्याहून वाईट होतं.

अध्यक्ष आर्नफिन. एकमताने. मीही हात वर केला.

१० फेब्रुवारी, सोमवार, दुपार
हालवर गेला. धक्क्यावर माझा हात दाबला. बोर्गहिल्ड गोठ्यात.

करण्यासारखं काही नव्हतं. स्वयंपाकघरातल्या बाकापाशी गुडघे टेकले. काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणालो, मला जमत नाही, तूच बघ. पुढे काही सुचलं नाही. तसाच राहिलो.

काही झालं नाही. उजेड नाही, आवाज नाही. साक्ष म्हणून सांगता येणार नाही, दोन वाक्यांत संपतं. आठवडा वाया गेला.

बोर्गहिल्ड आत आली. बादली खाली ठेवली. काय झालं, म्हणाली. मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, मग रडतोयस का?

म्हणालो, गुडघे दुखतायत.

ती शेजारी बसली.