'व्हय म्हाराजा' पुरत नाही

वालावल, रविवार, दिवेलागण

आज मला कुणाची थट्टा सुचली नाही, ही बातमीच. बंगळूरला असणारी भाची नेहा अंतराळात जाणाऱ्या तुकडीत निवडली गेलीय. सही करण्याआधी संमतीचा कागद ती आईला, म्हणजे माझ्या ताईला, ओटीवर वाचून दाखवत होती. वर किरणोत्सर्ग जास्त, पुढे कर्करोगाचा धोका वाढू शकतो, असं एकेक कलम. आणि ताई डोळे मिटून प्रत्येक कलमाला, "व्हय म्हाराजा!" देवळात पुजारी देवाला गाऱ्हाणं घालतो तेव्हा सगळे म्हणतात तसं. तिथे न ऐकताही म्हटलेलं चालतं. मीही आजवर सगळ्या कागदांवर अशाच सह्या केल्या, लग्नाचा धरून.

नेहा थांबली. "आई, ह्या गाऱ्हाणा न्हय गो. आधी ऐक, मगे बोल."

ताईने डोळे उघडले. "मगे सांग, तुका पुढे पोरां होतली मां?"

नेहाने पान उलटलं. "डाक्टरांका नक्की म्हायत नाय. तसा लिवलेला आसा."

आता रडारड, असं मला वाटलं. ताई म्हणाली, "'म्हायत नाय' म्हणणारो डाक्टर माका अजून खंय गावाक नाय. माणसां बरी दिसतत. पण जेवढा म्हायत आसा, तेवढा तरी इचारून घे."

नेहाने समासात प्रश्न लिहिला. उत्तर आल्यावरच सही, म्हणाली. किती हलकी दिसली पोर!

जाईलच ती. पण हा प्रश्न तिलाच विचारायचा होता आणि धीर होत नव्हता, असं तर नाही? नाहीतर बंगळूरहून एवढ्या लांब कागद ओटीवर कशाला आणेल कुणी?