माझ्या लेखात आंबा कुठे होता?

आई,

काल वर्नेटाचा निरोप समारंभ झाला. समारंभ कसला, एकतिसाव्या मजल्यावरच्या तिच्या हॉलमध्ये सहा माणसं आणि अर्धवट भरलेली खोकी. तिचं शाळेतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढच्या आठवड्यात ती अमेरिकेला परत चालली. म्हणजे तुझी शनिवारची बैठक आता बंद. हे तुला कळवायला हवं ना कुणीतरी? आणि काल तिथे जे झालं ते मला दुसऱ्या कुणाला नीट सांगताही येत नाही. तुझ्या जावयाला, प्रशांतला, सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "अगं, किती मनाला लावून घेतेस!" म्हणून तुलाच लिहितेय. तू हे वाचणार नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे. त्या बाबतीत मी भाबडी नाही.

तू त्या घरात शिरलीस कशी, ते मला फार उशिरा कळलं. साताऱ्याचं घर बंद करून तुला इथे आखातात, अल रीम बेटावर आणलं, स्वतंत्र खोली दिली, समोर समुद्र. मला वाटलं, झालं, आता आई सुखात! तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून अख्ख्या जिल्ह्याशी बोललेली बाई तू. आणि दुपारी तू काय करायचीस? लिफ्टमधून उगाच खालीवर! कुणीतरी भेटेल म्हणून. एकदा वर्नेटानं विचारलं, कुठल्या मजल्यावर जायचंय? तर तू म्हणालीस, "एनी फ्लोअर." ती इतकी हसली, की तुला थेट आपल्या घरीच घेऊन गेली.

"काळ्यांच्या घरी काय जाऊन बसतेस आई? बिल्डिंगमधल्या आपल्या बायका काय म्हणतील?" हो, म्हणाले होते मी. माझ्याच तोंडाने म्हणाले होते. तू डब्यात चकल्या भरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "ते ऐकतात गं."

ते सगळे काळे अमेरिकन लेखक. पोटासाठी कुणी इथल्या शाळेत शिक्षक, कुणी नर्स. आणि एक क्लिफ्टन, सत्तरी उलटलेला, लेकीकडे राहायला आलेला, अगदी तुझ्यासारखाच. दर शनिवारी पाचला जमायचं आणि आपण लिहिलेलं मोठ्याने वाचायचं. फोन दाराशी टोपलीत. कागदाच्या प्रती वाटायच्या नाहीत, रेकॉर्डिंग तर नाहीच. वर्नेटा म्हणायची, हातात कागद आला की माणूस चुका शोधतो, ऐकत नाही. एखादी ओळ लागली की सगळ्यांच्या घशातून "म्म्म्" असा आवाज निघायचा. मग कुणीतरी म्हणायचं, "पुन्हा!" की वाचणाऱ्याने ती ओळ पुन्हा वाचायचीच.

तुला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे! पण महिन्याभरात तू त्यांची टाइमकीपर झालीस. प्रत्येकाला दहा मिनिटं, आणि घड्याळ तुझ्या हातात. ट्रंक कॉलच्या जुन्या सवयीनं तू मध्येच म्हणायचीस, "थ्री मिनिट्स ओव्हर, एक्स्टेंड प्लीज?" आणि ते सगळे एका सुरात ओरडायचे, "एक्स्टेंड!" हे मला काल कळलं. घरी तू यातलं काही बोलली नाहीस. की बोलली होतीस आणि मी कॉलवर होते?

मग त्यांनी तुला सांगितलं, तुम्हीही लिहा, तुमच्या भाषेत लिहा, तुमच्या भाषेत वाचा. आम्ही ऐकू. वर्नेटा स्वतः खाली आली आमच्या दाराशी. तुमची आई वाचणार आहे, तुम्ही येऊन अर्थ सांगाल का? तू तिच्या मागे उभी होतीस, नवीकोरी साडी नेसून, शनिवार यायला तीन दिवस असताना! "येशील ना गं? अर्धाच तास."

आले. उपकार केल्यासारखी आले. टोपलीत फोन टाकताना माझा जीव त्या फोनमध्ये. तुझ्या वहीत काय असणार? गणपती, फराळ, साताऱ्याच्या गमती, असंच मला वाटलं होतं. तू चष्मा लावलास, आणि तो तुझा जुना आवाज काढलास, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा.

"माझी लेक मला चांगल्या क्रोकरीसारखी जपते, म्हणजे कपाटात ठेवते."

मी चमकले.

"आज दिवसभरात मी सात वाक्यं बोलले, त्यातली चार लिफ्टमध्ये."

आणि मग, "मला तिचा राग येत नाही, मला तिची भीती वाटते."

त्यानंतर तू थांबलीस, पान सरळ केलंस आणि म्हणालीस, "पण."

पुढे तू वाचत राहिलीस, आई. आणि माझे कान बंद झाले. तापाने फणफणल्यासारखी बसले होते मी तिथे. एकच विचार, आता हे या लोकांना सांगायचं कसं? ही उद्या लिफ्टमध्ये भेटणार, तो पार्किंगमध्ये भेटणार. त्यांच्यासमोर मी कोण ठरले? तू वाचत होतीस आणि मी मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते. खोटी, गोड, गुळगुळीत वाक्यं.

तू संपवलंस. सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, आई म्हणते ती इथे फार आनंदात आहे, लेकीचे आणि नातीचे आभार मानते, फक्त तिला गावाकडचे आंबे आठवतात. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या घरात टाळ्या वाजत नसत, ते तुला माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं.

कॉरिडॉरमध्ये तू लिफ्टचं बटण दाबलंस आणि अगदी सहज विचारलंस, "माझ्या लेखात आंबा कुठे होता गं?"

मी म्हणाले, "अगं, सोपं करून सांगितलं. एवढं सगळं थोडंच कळतं त्यांना?"

तू म्हणालीस, "बरं."

एवढंच. ओरडायचं होतंस ना! लहानपणी एक खोटं बोलले होते तर दिवसभर अबोला धरला होतास. मग त्या दिवशीच का इतकी शहाणी झालीस? चार शब्द सुनावले असतेस तर मी वर धावत गेले असते, खरं काय ते सांगून आले असते. गेले असते का? कुणास ठाऊक. गेले असते असं म्हणायला आता माझं काय जातंय!

त्या शनिवारनंतर तू वर गेली नाहीस. वर्नेटा दोनदा बोलवायला आली. तू पाय दुखतात म्हणालीस. लिफ्टमधल्या फेऱ्याही बंद झाल्या. मला वाटलं, वयच झालंय. तुला डॉक्टरकडे नेलं, एक्स-रे काढला, गुडघ्याची क्रीम आणली. इतकी मूर्ख मुलगी कुणाला असू नये. फेब्रुवारीत एका दुपारी तू जेवून आडवी झालीस आणि उठलीच नाहीस. सईने मला ऑफिसात फोन केला, "ममा, आजी इज नॉट वेकिंग अप."

गेल्या आठवड्यात वर्नेटा लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, मी जायच्या आधी एकदा शेवटचं बसतोय. तू आईचं ते पान घेऊन ये. आम्हाला ते नीट ऐकायचंय. 'नीट' म्हणताना तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. तिला पहिल्यापासून कळलं होतं. मी काल विचारलंच, कसं कळलं? ती म्हणाली, "तुझ्या आईने नऊ मिनिटं वाचलं. तू पाऊण मिनिटात संपवलंस. घड्याळ तिच्याच हातात होतं."

मी तुझी वही शोधली. कपाटाच्या खालच्या खणात होती, साड्यांखाली. वाणसामानाच्या याद्या, सईला शिकवलेली बाराखडी, तिचे गिचमिड कित्ते, सगळं जागच्या जागी. मधली पानं तेवढी नाहीत. हाताने फाडलेली नाहीत, पट्टी लावून कापलीस तू ती. किती नीटनेटकी गं तू! मी गादीखाली पाहिलं, तुझ्या बॅगेचं अस्तर उसवून पाहिलं. साताऱ्याला शेजारच्या वैशूला फोन केला, तिला तू कुरिअरने काही पाठवलं होतंस का? नव्हतं. खलास.

काल रिकाम्या हाताने वर गेले. फोन टोपलीत टाकला. तुझी खुर्ची त्यांनी मोकळी ठेवली होती, त्यावर ते घड्याळ. मी उभी राहून सगळं सांगितलं. आंबा माझा होता, आनंद माझा होता, आईचं यातलं काहीच नव्हतं. कुणी म्हणालं नाही, इट्स ओके. कुणी पाठीवरून हात फिरवला नाही. मग मी तुझी तीन वाक्यं सांगितली, आधी मराठीत, मग इंग्रजीत. आणि आई, तो आवाज आला. म्म्म्! सगळ्यांच्या घशातून! नर्स म्हणाली, "पुन्हा." मी पुन्हा सांगितली. "पुन्हा." पुन्हा सांगितली.

मग वर्नेटाने विचारलं, "पुढे?"

मी म्हणाले, पुढे ती "पण" म्हणाली. त्यापुढचं मी ऐकलं नाही.

वर्नेटा हळूच म्हणाली, अगं, शेवटाकडचा एक भाग तर आम्ही तिला परत वाचायला लावला होता. शब्द कळले नव्हते, पण तिचा आवाज बदलला होता. आठवत नाही तुला?

म्हणजे मी ते दोनदा ऐकलं, आई! त्या खोलीत मराठी कळणारी मी एकटी. अख्ख्या जगात ते ऐकलेली आणि कळू शकणारी मी एकटी. आणि माझ्याकडे काय आहे? एक "पण". तू पुढे मला माफ केलं होतंस? की आणखी काही वाईट होतं? रात्रंदिवस डोकं पिंजून काढतेय. कधी वाटतं, 'लेक गुणाची आहे' असं काहीतरी होतं. मग लक्षात येतं, ते मीच रचतेय, त्या आंब्यासारखंच.

हे मी त्यांच्यापुढे बोललेही. म्हणाले, बहुधा शेवट गोड असावा. तर क्लिफ्टनने काठी आपटली. इतका वेळ तो खाली मान घालून बसला होता. म्हणाला, "माझ्या पणजीला लिहिता येत नव्हतं. गुलामीत जन्मलेली बाई ती. तिच्या म्हातारपणी एक गोरी बाई आली आणि ती सांगेल ते लिहून घेऊन गेली. तो कागद आमच्या घरात आहे. त्यात माझी पणजी म्हणते, मी सुखात होते, मालक दयाळू होते. चार पानं, नुसतं सुख! ती खरं काय म्हणाली ते आम्हाला कधीच कळणार नाही. तुझ्याकडे तीन वाक्यं खरी आहेत. त्यांना हात लावू नकोस."

बस. मग खोकी भरायला मदत केली आणि खाली आले. पुढच्या शनिवारी वर कुणी नसेल.

सई दारातच होती. तिने विचारलं, "व्हॉट डिड आजी राइट?" तिला तीन वाक्यं सांगितली. दुसऱ्या वाक्याला ती रडवेली झाली. सात वाक्यांतलं तिच्याशी बोललेलं एकही नसेल, हे तिला बरोबर कळलं. म्हणाली, "अँड देन?" चौदा वर्षांची पोर, माझ्याकडे अशी आशेने बघत होती. एक बरं वाक्य सांगितलं असतं तर तिला झोप लागली असती. आयतं ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं. मला माहीत नाही म्हणाले. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

आई, माफी मागत नाही. ती देणारं माणूस उरलं नाही, आणि तुझ्या वतीने मीच मला देऊन टाकायची, हे तर आणखी एक भाषांतर झालं. एकच वचन देते. तुझी तीन वाक्यं जो विचारेल त्याला जशीच्या तशी सांगेन, माझी लाज निघाली तरी. आणि तुझ्या "पण"च्या पुढे काही लिहिणार नाही. कितीही एकटं वाटलं, कितीही म्हातारी झाले, तरी ती जागा कोरीच ठेवीन.

तुला जिची भीती वाटायची ती,
नीलम