पीच तेवढं राहू दे

३ फेब्रुवारी
पुन्हा! दूध तापत ठेवलं आणि मागे पाहते तर हे शिडीवर. अंजीर छाटतायत. कालच छाटलं होतं, ह्यांनीच! ओरडले, ‘अहो, झालंय ते!’ तर वरून मलाच — ‘ह्याला छाटणी म्हणतात? कुठल्या गाढवाने केली? फांदीवरच्या डोळ्याच्या वर तिरकं कापायचं एवढीही अक्कल नाही!’

गाढव कोण, ते कुठल्या तोंडाने सांगू?

४ फेब्रुवारी
अंजीर. पुन्हा.

६ फेब्रुवारी
कात्री पिठाच्या डब्यात लपवली. ह्यांनी दुपारभर घर उलथंपालथं केलं, मग रडायलाच लागले. ‘माझी कात्री चोरली गं कुणीतरी.’ मला बघवेना. दिली काढून.

अंजिराचा आता नुसता खुंट उरलाय.

९ फेब्रुवारी
मुलाचा फोन. ‘आई, बागेला कुलूप लाव ना.’ लाव म्हणे! ये की तू, आणि लाव. दारावर धडका मारणारा बाप बघ एकदा डोळ्यांनी. डॉक्टर म्हणतात, विसरण्यावर औषध नाही, गुंतवून ठेवा. गुंतलेत की! बागेत एक फांदी उरायची नाही, असे गुंतलेत.

१२ फेब्रुवारी
एक युक्ती केली. पाटी ह्यांच्याच हातून लिहून घेतली — ‘छाटणी झाली आहे. हात लावू नये.’ डाळिंबाला बांधली. थोड्या वेळाने स्वतःच वाचली, मोठ्याने. म्हणाले, ‘काय लबाड आहे! अक्षरसुद्धा माझंच काढलंय!’ आणि चालवली कात्री.

पायरीवर बसून मी पोट धरून हसले. मग रडू आलं, ते आवरेचना.

१७ फेब्रुवारी
आता स्वयंपाकघराच्या खिडकीशी पीच तेवढं उरलंय. कळ्या धरल्यात, गुलाबी टोकं दिसतायत. माझ्यासाठी हट्टाने आणलं होतं ह्यांनी, मला आवडतं म्हणून. एवढं तरी राहू दे! सकाळपासून बुंध्याशी ठाण मांडलंय. भाजीही तिथेच निवडली. ‘अगं, ऊन लागेल, आत जा,’ म्हणतात. काळजी माझी, आणि कात्री खिशात! पण बसून बसून किती बसणार मी? आंघोळ आहे, स्वयंपाक आहे.

१८ फेब्रुवारी
आंघोळीला गेले, तेवढ्यात पीच कापलं.

ओल्या केसांनी धावले. हे खाली बसून मातीतल्या कळ्या गोळा करत होते. मला पाहून दचकून उभे राहिले. हळूच म्हणाले, ‘अहो बाई, माझ्या बायकोला सांगू नका हं. तिचा फार जीव आहे ह्या झाडावर.’

नाही सांगणार, म्हटलं.