चार सेकंद

३ जून

प्रिय आत्या,

नमस्कार. तू बरी आहेस ना? गुडघ्याला शेक घेतेस की नुसती पिशवी गरम करून ठेवतेस? तुझं पत्र परवा मिळालं. अक्षर अजून इतकं टापटीप की पाकीट फोडतानाच वाटलं, आता फळ्यापाशी बोलावणार. आम्ही सगळे मजेत. मी सोडून, पण ते तू पेपरात वाचलंच आहेस.

डाव्या बरगडीला तडा गेलाय. वल्ही ओढून ओढून होतं म्हणे असं. हाडाला उसंत मिळाली नाही की ते आतल्या आत चिरतं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला, केसाएवढी रेघ. तेवढ्याशा रेघेपायी जागतिक स्पर्धा हातची गेली. दोन महिने नावेत बसायचं नाही, काही उचलायचं नाही. आडवं झालं की कळ येते, म्हणून बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत उशा रचून झोपते. आई रोज विचारते, "राणीसाहेब, सिंहासन बरंय ना?" मला हसू येतं, आणि हसलं की जीव जातो. शेवटी बाबांनी घरात विनोदबंदी जाहीर केली. पहिल्या दिवशी त्यांनीच मोडली.

फिजिओ सकाळी येतात आणि मला श्वास घ्यायला शिकवतात. एकोणतीस वर्षं घेत होते तो चुकीचा होता असं त्यांचं मत आहे.

पेपरातलं कात्रण बाबांनी प्लास्टिकमध्ये घालून कपाटाला चिकटवलंय: 'संघासाठी स्वतःहून माघार'. तू लिहितेस की तुझ्या शाळेतल्या बाईंनी माझा सत्कार ठरवलाय. आत्या, तेवढं नको. प्रवास झेपणार नाही मला. आणि मी केलंय तरी काय? बरगडी मोडली, घरी बसले.

नाव मात्र जातेय. दोघींची नाव आहे, एकीमुळे कशाला अडायची? माझ्या जागी राखीव मुलगी बसणार, सोबत मुंगी. मुंगी म्हणजे माझी जोडीदारीण, मागे एका सुट्टीत तुझ्याकडे आणली होती आणि तिने न विचारताच तुझा गळका नळ दुरुस्त केला होता, तीच. नऊ तारखेला निघतील.

बाकी विशेष काही नाही. काळजी करू नकोस.

तुझी,
शिडी


११ जून

प्रिय आत्या,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळींचं. 'उत्तर लिहिलंस, पायऱ्या दाखवल्या नाहीस. सात वर्षांच्या जोडीदारणीबद्दल जे लिहिलंस त्यात माझा नळ आहे, ती कशी आहे ते नाही. असल्या पेपराला मी मार्क देत नसे.' तुझी तब्येत ठणठणीत आहे एवढं त्यावरून कळलं.

दोन दिवस ते पत्र मांडीवर घेऊन बसले. आता पायऱ्या दाखवते. आवडणार नाहीत तुला.

दुखणं सुरू झालं ते एप्रिलच्या शेवटी. शिंक आली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आधी वाटलं, स्नायू धरला असेल. मग तसं वाटेनासं झालं, पण तोवर स्पर्धा दोन महिन्यांवर आली होती आणि आमच्या कोच सरांना नुसतं 'दुखतंय' म्हटलं असतं तरी त्यांनी मला त्याच मिनिटाला नावेतून उतरवलं असतं. म्हणून मी गोळ्या घ्यायला लागले. बुटात लपवून ठेवायचे, गणवेशाला खिसे नसतात. आणि ओढायचं कमी केलं. वल्ही पाण्यात वेळेवर पडायची, वेळेवर निघायची, फक्त जोर नसायचा. माझी ढब सुंदर आहे असं सगळे म्हणतात ना? त्या ढबीखाली सगळं झाकून गेलं.

आमच्या नेहमीच्या वेळेपेक्षा नाव चार सेकंद मागे पडली. आमच्या खेळात अर्ध्या सेकंदात पदकं जातात.

सरांनी मुंगीला धरलं. त्यांना तरी काय बोल लावू? एक शिडीसारखी उंच, तिच्या नावावर गेल्या वर्षी एकटीच्या शर्यतीत मिळवलेलं पदक, पोस्टरवर फोटो. दुसरी बुटकी, अबोल, कधी कुणाच्या डोळ्यांत न भरलेली. चार सेकंद कोणी खाल्ले हे कोणीही डोळे झाकून सांगितलं असतं. "मागे पोतं ठेवलं असतं तरी चाललं असतं," सर सगळ्यांदेखत म्हणाले. मुंगीने मान खाली घातली. मी बुटाची नाडी बांधत होते. बांधलेलीच होती ती.

असे तीन आठवडे गेले. मुंगी आमच्या आधी येऊन पळायची, आम्ही गेल्यावर व्यायामाच्या यंत्रावर बसायची. तळहाताचे फोड फुटून वल्ह्यांच्या मुठी लाल झाल्या होत्या. एकदा कपडे बदलायच्या खोलीत तिने मला विचारलं, "माझं नक्की काय चुकतंय गं? तू सांग ना. तुला कळत असेल."

मी म्हटलं, "वल्हं पाण्यात टाकायला जरा उशीर होतोय तुला."

आत्या, तिला उशीर होत नव्हता.

मग सव्वीस मे. सरांनी सगळ्यांना नावांच्या शेडमध्ये बोलावलं आणि सांगितलं, उद्यापासून माझ्या मागे राखीव मुलगी बसेल, मुंगी घरी. मग माझ्याकडे वळले. "चालेल ना तुला?" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. तोंड उघडायला याहून सोपी वेळ कुणालाच मिळाली नसती. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं, सर."

मुंगीने तिचं कपाट रिकामं केलं. टॉवेल, दोन टोप्या, हाताला लावायचं मलम. मलम ती विसरली म्हणून मी मागून हाक मारली. ती वळली, घेतलं, "थँक्यू" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नव्या मुलीबरोबर नाव नऊ सेकंद मागे. म्हणजे इतके दिवस मुंगी एकटी दोघींचं ओढत होती. धक्क्याला लागल्यावर नाव खांद्यावर घ्यायची असते. मी श्वास भरला आणि तिथेच खाली बसले. मग दवाखाना, फोटो, रेघ. "हे जुनं दिसतंय," डॉक्टर म्हणाले. मी छताकडे बघत राहिले. सरांनी त्याच दिवशी फोन करून मुंगीला परत बोलावलं.

तेव्हा ती माघार मी घेतली नाही. मला उठताच येत नव्हतं. पत्रकाराने विचारलं, "स्वतःहून बाजूला झालात ना?" मी हो म्हणून मोकळी झाले. आणि शेवटची पायरी ही, की त्या दिवशी नाव वेगात गेली असती तर मी गेले असते. मुंगी घरी बसली असती आणि मी तिच्यासाठी तिकडून एखादी छानशी टोपी आणली असती.

सर अजून समजतात की बरगडी त्याच दिवशी मोडली. परवा सगळे निघाले. मी निरोप द्यायला गेले नाही, दुखतंय म्हणून कळवलं. ते खरं होतं, म्हणून जास्तच लाज वाटली.

आता मार्क दे.

शिडी


२ जुलै

प्रिय आत्या,

तू मार्क दिलेच नाहीस. नुसतं कार्ड: 'सत्कार रद्द केला आहे. तुझ्या सरांचा फोन तिकडे लागतो का?'

लागला. शर्यतीच्या चार दिवस आधी केला. एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून पाण्याचे आणि माणसांचे आवाज येत होते. मग सर म्हणाले, "मी घड्याळ बघत बसलो. माणसं बघायची राहिली." आणि पुढे म्हणाले, "मुंगीला सांगितलंस?"

"नाही."

"ते तुझं तू सांग. माझी माफी मी आज मागतो." आणि मागितली म्हणे त्यांनी, सगळा संघ जेवायला बसलेला असताना, उभं राहून.

बाबांना मी शर्यतीच्या दिवशी सकाळी सांगितलं. त्यांनी टीव्ही लावला, माझ्या पाठीशी उशी नीट केली, आणि शर्यत सुरू व्हायच्या आत कात्रण काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

त्या पाचव्या आल्या. अर्ध्या अंतरापर्यंत तिसऱ्या होत्या, आई तर उभीच राहिली होती. मग नवी मुलगी दमली. मुंगी तशीच ओढत राहिली, एकसारखी, घाण्याला जुंपल्यासारखी. संपल्यावर नव्या मुलीने मागे रेलून मुंगीच्या गुडघ्यांवर डोकं टाकलं आणि मुंगी तिच्या केसांवर ओंजळीने पाणी सोडत राहिली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तू असतीस तर पदक होतं गं!" मी त्यांना सांगितलं, मी वेळेवर बोलले असते तर या दोघींना दोन महिने सराव मिळाला असता. मिळाले तीन आठवडे. काकूंनी चहाचा कप उचलला आणि आईकडे बघितलं.

मुंगी आल्यावर रविवारी तिच्या घरी गेले. तिसरा मजला. दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून कुणाचा तरी टेबलफॅन दुरुस्त करत होती, स्क्रू एका वाटीत काढून ठेवले होते. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि तिथूनच बोलले, कारण आत गेले असते तर आधी इकडचं तिकडचं बोलत बसले असते. मी बोलत होते तोवर ती पाती पुसत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"सरांनी सांगितलं?"

"सर कशाला? मी सात वर्षं तुझ्या मागे बसतेय. तुझी पाठ मला माझ्या हातांहून जास्त पाठ आहे. दुसऱ्याच आठवड्यात कळलं, ही डावीकडून अंग चोरतेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? मी बोलले असते तर म्हणाले असते, नाचता येईना अंगण वाकडं." तिने पातं ठेवून दुसरं घेतलं. "आणि मी विचारलं होतं की तुला. माझं काय चुकतंय म्हणून. तुला सांगायला सोपं जावं म्हणून विचारलं होतं."

आत्या, मला वाटत होतं की सगळ्या पायऱ्या तुला दाखवून झाल्या. ही मलाच माहीत नव्हती.

मी माफी मागितली. ती "बरं" म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं. मी जायला निघाले तर मागून म्हणाली, "अजून दुखतंय का?"

जिभेच्या टोकावर 'नाही' तयारच होतं.

"हो," मी म्हटलं. "जिना चढताना फार दुखलं."

"मग उभी काय राहिलीस," ती म्हणाली, आणि खुर्चीवर पसरलेल्या तारा उचलून तिने खाली ठेवल्या.

मी बसले. ती स्क्रू मागायची, मी वाटीतून द्यायचे. दोनदा चुकीचा दिला, तेव्हा रागावली. पुढच्या मोसमाचं मी विचारलं नाही, तीही बोलली नाही.

तुझी नक्की, तिची कितपत ते तिने ठरवायचंय,
शिडी