लिटरला चौदा

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, तूही असशीलच. आता बातमी ऐक, मला दम धरवत नाही.

आपल्या पिकअपने लिटरला चौदाचं अ‍ॅव्हरेज दिलं. जुनी गाडी घेतली तेव्हा 'पांढरा हत्ती पोसताय' म्हणाला होतास ना? घाल आता तोंडात बोट. विकणारा पंधरा सांगत होता, म्हणून मी मनात दहाच धरले होते. मी चालवते तेव्हा अकरा पडतात, बाबांनी चालवली की चौदा. मागे लादलेली तीच दारं-खिडक्या, तोच रस्ता. टाकी तोंडापर्यंत भरून दोनदा मोजलं. मेकॅनिक म्हणाला, "काकांचा पाय हलका आहे ताई. तुम्ही तर अ‍ॅक्सिलरेटरवर वीटच ठेवता."

पत्रा गंजलाय, डावं दार लाथेशिवाय उघडत नाही, पण सुतारकामाच्या मालासाठी आता भाड्याच्या टेम्पोची वाट बघावी लागत नाही. मी गिऱ्हाइकांना बाबांच्या पायाचं कौतुक सांगत सुटले होते.

मग सोमवारी संध्याकाळी ती जादू शिकायला त्यांच्या शेजारी बसले. दादा, बाबा चाळीसच्या वर जातच नाहीत. पुढे एखादा ट्रक गाठतात आणि त्याच्या लाल दिव्यांमागून चालतात. ट्रक वळला, तशी त्यांनी गाडी कडेला घेतली. "इंजिन जरा निवू दे," म्हणाले. इंजिन तापलंच नव्हतं. दुसरा ट्रक आला तेव्हा निघालो.

हल्ली दार बसवताना फटही ते बोटाने चाचपून बघतात. मी पाहून न पाहिल्यासारखं करत होते. त्या दिवशी मात्र फार घाबरले. पण ज्यांनी आपल्याला सायकल शिकवली, त्यांच्याकडे किल्ली मागायची कोणत्या तोंडाने?

मागावी लागली नाही. घरी आल्यावर त्यांनीच ती माझ्या हातात ठेवली. "तुझ्या पायाला वळण लावायला हवं. उद्यापासून तू चालव, मी शेजारी बसतो."

मी "बरं" म्हटलं.

आता ते डोळे मिटून इंजिन ऐकतात. "टाक चौथा." "पाय काढ, उतार लागला." उतार त्यांना माझ्याआधी कळतो. काल टाकी भरली, हिशेब केला: पावणेचौदा. बाबा इतके खुलले की पंपवालाही उगाच हसला.

शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. बाबांना अजून सांगितलेलं नाही, आणि माझ्या एकटीच्या सांगण्याने ते येतील असं वाटत नाही. तू ये. सीटवर तिघं मावतात, मधली जागा तुझी. डोळ्यांचं तू काढू नकोस. अ‍ॅव्हरेज एवढं कसं वाढलं, तेवढंच विचार आणि गप्प बस. किल्ली दिली तसं डोळ्यांचंही ते आपणहून सांगतील. नाही सांगितलं, तरी आपण दोघं त्यांच्या दोन्ही बाजूंना असू.

मधली जागा मग त्यांची.

पाय हलका झालेली तुझी,
ठमी