आईला बाई बदलून हवी

पुणे,
दि. ३ ऑगस्ट २०२५

ती. रेणुकाताईस,
सविनय जयभीम वि. वि.

फोनवर बोललो की आपल्या दोघांचाही आवाज चढतो आणि आईला तर फोनवर काही ऐकूच येत नाही, म्हणून हे पत्र. परभणीच्या ज्या संस्थेनं आईच्या देखभालीला बाई दिली आहे, तिथून मला महिन्याला फोन येतो. सेवा कशी वाटते, दहापैकी किती गुण द्याल, असं विचारतात. पुण्यात बसून मी काय सांगणार? मागच्या वेळी नऊ सांगून मोकळा झालो. आणि परवा आईचं कार्ड आलं, की बाई बदलून द्या. कारण काय, तर बाई भरभर चालते.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हातारीला हळू चालणारी सोबत हवी, हेही मान्य करू. पण राजेश्रीबाई आल्यापासूनच आई वॉकर धरून उभी राहायला लागली ना? संस्था म्हणते, पाथरीला जाऊन काम करणारी दुसरी बाई त्यांच्याकडे नाही. ही गेली तर आईला पुण्याला आणण्यावाचून मार्ग नाही, आणि पाथरी सोडायचं नाव काढलं की ती ताट बाजूला सारते, हे तू बघितलंस. तू दर रविवारी जातेस. यावेळी नीट बघ आणि बाई खरंच कशी आहे ते लिही. सगळं तुझ्यावर ढकलतो आहे हे कळतं, पण आपल्याला तिसरं कोण आहे?

भाऊजींना जयभीम. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
सिद्धोधन

---

गंगाखेड,
दि. ११ ऑगस्ट २०२५

चि. सिद्धोधन यास,
ताईचा आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

साहेबांच्या हुकमाप्रमाणे काल तपासणी करून आले. एसटी वाटेत बंद पडली, त्यामुळे तपासणीसबाई घामाघूम होऊन पोचल्या. एरवी मी आले की राजेश्रीबाई घरी निघतात, काल मी त्यांना मुद्दाम तासभर थांबवून घेतलं. आईची पाठ उघडून बघितली, कुठे लालसुद्धा झालेली नाही. नखं कापलेली, वेणी घातलेली, चादर कोरडी, गोळ्या वेळच्या वेळी. पायाचे व्यायाम बाई इतक्या सबुरीनं करून घेतात की मला स्वतःची लाज वाटली. मी पोटची पोर, पण मला अर्ध्यातच कंटाळा आला असता.

आईला विचारलं, तर बाई लय चांगली हाय पण बदला, हे एकच पालुपद. भरभर चालते, भांडी आदळते, मोबाईलवर बोलते. मी पण चिडले. म्हटलं, रात्री शेजारच्या सुमनबाई सोबतीला झोपतात म्हणून निभतंय, दिवसाची ही बाई गेली तर तुला उठवून बसवणार कोण? त्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली ती मी निघेपर्यंत.

खरं सांगू का, मी थकले रे. आठवडाभर शाळा, घरी सासूबाईंचे गुडघे, आणि एक रविवार येतो तो पाथरीच्या रस्त्यावर जातो. आईच्या रुसव्याचा अर्थ लावायला माझ्यात त्राण उरलेलं नाही. माझ्याकडून दहापैकी दहा लिहून टाक.

प्रकृतीला जप. बहिणीची आठवण ठेव, फक्त कामापुरती नको.

तुझी,
ताई

---

गंगाखेड,
दि. १ सप्टेंबर २०२५

चि. सिद्धोधन यास,
ताईचा आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

दहा गुणांचं पत्र मी पाठवलं होतं, ते चुकलंच. शनिवारी शाळा लवकर सुटली, म्हणून न कळवताच पाथरीला गेले. भर दुपारी राजेश्रीबाई बाहेर लिंबाखाली डबा खात बसल्या होत्या, शेजारी घरून आणलेली पाण्याची बाटली. आत पंखा सोडून उन्हात का, असं विचारलं तर म्हणाल्या, बाहेर बरं वाटतं. मी चहा टाकला आणि त्यांचाही कप भरला. त्या म्हणाल्या, आज उपवास हाय. हातातला भाकरीचा डबा अजून धुतलेला नव्हता. खाटेवरून आई म्हणाली की हिला आठवड्याचे सातही वार उपवास असतात. म्हणाली आणि हसली, पण ते हसणं मला बघवलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आल्यापासून या बाईनं आपल्या घरचं पाणी घेतलेलं नाही. आईचं अंग त्या धुतात, लघवीचं भांडं धुतात, उठवताना तिला छातीशी धरतात, आणि त्याच हाताला आपल्या माठातलं पाणी चालत नाही. संस्थेला विचार, याचे गुण कशात धरायचे.

मी त्यांना बाहेर नेऊन विचारलं. भांडायचं ठरवूनच गेले होते. त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, ताई, मला काही न्हाई वाटत, पण सासूला कळलं तर मला चुलीपाशी येऊ देणार न्हाई. मालक दारू पितो, घर तिच्याच नावावर हाय. मला राग आला होता तो आलाच, पण भांडायचा जोर कुठून आणू?

आईनं हे आपल्याला का सांगितलं नाही, तेही विचारलं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर सिद्धू संस्थेवर चढून गेला असता आणि या पोरीचं काम गेलं असतं. आता तूच ठरव. मला सुचत नाही.

तुझी,
ताई

---

पुणे,
दि. ९ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र वाचून संस्थेला फोन लावला आणि पहिली घंटा वाजायच्या आत बंद केला. त्या बाईला काढायला लावणं सोपं आहे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आईला खाटेवरून उठवायचं कुणी? मी इथे, तू तिथे. डॉक्टर म्हणतात, अजून दोन महिने असेच व्यायाम झाले तर ती आपली आपण चालेल.

म्हणून लिहायला हात कचरतो आहे, तरी लिहितो. दोन महिने आईला एवढं गिळून घेता येईल का? तिचं घर सुटणार नाही, पायही बरा होईल. हे तिला सांगायची माझी हिंमत नाही. हेच पत्र तिच्या हातात दे. ती म्हणेल तसं करू. तू मात्र मला समजून घे.

तुझा,
सिद्धोधन

---

पाथरी,
दि. २१ सप्टेंबर २०२५

चि. सिद्धोधन यास,
आईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र रेणुकानं दिलं, मी चष्मा लावून माझं मीच वाचलं. दोन महिने गिळ म्हणतोस, त्यात तुझी चूक नाही. बाबा, गिळायची मला सवय आहे. मी अंगणवाडीत लागले तेव्हा माझ्या हातची सुकडी गावातल्या आया आपल्या लेकरांना खाऊ द्यायच्या नाहीत, घरी नेऊन जनावरापुढं टाकायच्या. मी रोज शिजवत राहिले. पुढं लेकरंच ऐकेनात, त्यांना भूक लागायची. पण तेव्हा अंगात जोर होता आणि वाट बघायला दिवस होते. आता दोन्ही कमी आहेत.

राजेश्रीला नावं ठेवू नका. तिच्यासारखे हात मी दवाखान्यातही बघितले नाहीत. संस्थेला रेणुकाकडून कळवलं, की कामात पैकीच्या पैकी गुण, मी मुलाकडं निघाले म्हणून सोडतेय, हिला दुसरं घर द्या. तिला मानवत गावात एक म्हातारे गुरुजी सांभाळायला मिळालेत, तिच्या घरापासून जवळ पडतं.

तुम्ही दोघं समजता मला अपमान सोसत नाही. तो सोसतो. माझ्या दाराशी आलेला माणूस, मग तो वायरमन असो की मतं मागणारा, कधी पाण्याशिवाय परतला नाही. आणि एक लेकीच्या वयाची पोर दिवसभर माझ्यासाठी राबते, तिची मान घामानं भिजते, मी खाटेवरून म्हणते बाई पाणी घे, ती खाली बघून नको म्हणते. रोज. ती मला उचलते आणि मी तिला तांब्याभर पाणी देऊ शकत नाही. मग या घराला माझं कशाला म्हणायचं? पाथरी काय आणि पुणं काय, मला सारखंच.

तवा दिवाळीची वाट बघू नको, मला न्यायला ये. वाईट वाटतं, रात्री सुमनबाई झोपली की रडतेही, लपवत नाही. पण सूनबाईला सांग, मी तिथं ताट सारणार नाही. व्यायाम मला पाठ झालेत. रेणुकाला आता रविवारी झोपू दे.

एक मात्र कबूल करून ये. तुझ्या घरी कुणी आलं तर पाणी मी देणार. वॉकर धरून आणायला वेळ लागेल, पण मध्ये कुणी उठायचं नाही.

तुझी,
आई